तीन पत्ती: हातात जोडी, समोर ब्लाइंड खेळणारा

कळंबा तलावाकाठची सहल असो वा गणपतीतले जागरण, पत्त्यांचा कॅट निघाला की तीन पत्तीचा डाव अनेकदा रंगतो. त्यात एक गडी हमखास असतो, जो पाने न बघता चाल वाढवत राहतो. आपल्याकडे चांगली पाने आली तरी त्याच्यासमोर हात थरथरतो. अशा वेळी काय करावे?

पाने किती चांगली आहेत?

५२ पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांपैकी ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ आणि जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत यांपैकी काहीच नसते. म्हणजे दर चार हातांपैकी जवळपास तीन रिकामेच!

ब्लाइंड खेळणाऱ्याने पाने पाहिलेलीच नसतात. त्यामुळे तो कितीही जोरात खेळला तरी त्या जोरातून त्याच्या पानांबद्दल काहीच कळत नाही. त्याचा हात या २२,१०० पैकी कोणताही असू शकतो. आपल्याकडे अठ्ठ्यांची जोडी असेल, तर त्यातले सुमारे ८३ टक्के हात तिच्यापुढे हरतात. अगदी दुर्रीची जोडीही चारपैकी तीन वेळा जिंकते.

मग अडचण कुठे?

अडचण पैशांच्या हिशोबात आहे. ब्लाइंडची चाल १० असेल, तर पाने पाहिलेल्याला किमान २० टाकावे लागतात. शिवाय पारंपरिक नियमानुसार दोघेच उरले असताना पाने पाहिलेल्याला ब्लाइंडकडे शो मागता येत नाही. शो मागायचा हक्क ब्लाइंडचा. आपल्यापुढे दोनच वाटा राहतात: चाल द्या किंवा पॅक करा. काही घरांत हा नियम सैल असतो, म्हणून डाव सुरू होण्याआधीच तो ठरवून घ्यावा.

प्रत्येक फेरीत आपले दोन जातात आणि त्याचा एक. म्हणून पुढची चाल फायद्याची ठरायला तीनपैकी दोनहून जास्त वेळा जिंकण्याची शक्यता हवी. कोणतीही जोडी या कसोटीला उतरते. जोडी नसेल, तर एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम असलेले हात जेमतेम उतरतात. राजा वरचा असलेला हात उतरत नाही. (डावात आधीच बरीच रक्कम जमली असेल, तर ही कसोटी थोडी सैल होते.)

चांगला हात कसा खेळावा?

स्वतः चाल वाढवण्याची घाई करू नका. अचानक मोठी चाल आली की समोरचा सावध होऊन पाने बघतो आणि रिकामा हात असेल तर पॅक करतो. त्याऐवजी किमान चाल देत राहा. वाढवण्याचे काम तो स्वतःच करत असतो.

त्याने पाने पाहिली आणि तरीही खेळत राहिला, तर मात्र हिशोब बदलतो. आता त्याचा हात ‘कोणताही’ राहिला नाही, रिकामे हात बहुधा गळाले. आता दोघांची चाल सारखी आणि शोही मागता येतो. मध्यम जोडी असेल तर शो मागून डाव संपवणे शहाणपणाचे. ट्रेल किंवा प्युअर सिक्वेन्स असेल तर खुशाल थांबा.

ब्लाइंड गडी एकापेक्षा जास्त असतील तर जोडीचे बळ घटते. अठ्ठ्यांची जोडी दोघांना एकदम हरवते ती सुमारे ७० टक्के वेळा, तिघांना ५८ टक्के.

तरीही हरू शकता

८३ टक्के म्हणजे दर सहापैकी एकदा हार. ती हार सलग दोन-तीन डावांतही येते. म्हणून एका डावात जास्तीत जास्त किती घालायचे, हे आधी ठरवा.

कायदा काय सांगतो?

बातम्यांतला ‘तीन पानी जुगार’ तो हाच. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, पण तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटले. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आली. पाने नशिबानेच येतात, आपल्या हाती असतो तो फक्त चाल देण्याचा निर्णय. तो निर्णय शिकायला चिंचोके पुरेसे आहेत.