कूतहून न परतलेले

मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड हे नाव माझ्या आजीनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिला ठाऊक होता तो फक्त ‘बसऱ्याचा लाटसाहेब’. त्यानं तिच्या थोरल्या चुलत्याला उपाशी ठेवलं आणि शेवटी तुर्कांच्या हवाली केलं, एवढी हकीकत तिला वडिलांकडून मिळालेली. ती तिनं आम्हा नातवंडांना जशीच्या तशी दिली. त्या हकीकतीत तारीख नव्हती, जर्मनीचा कैसर नव्हता, ऑस्ट्रियाचा युवराजही नव्हता. भूक होती, नदी होती आणि परत न आलेला तरणा माणूस होता.

आजीचं माहेर माण तालुक्यातलं. पाऊस बेताचा, रान माळाचं. घरात तीन भाऊ असले तर एक शेतावर, एक मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, ही तिकडची जुनी वाटणी. शिपायाला महिना ११ रुपये मिळत आणि दुष्काळात घर तगायचं ते त्या मनीऑर्डरीवर. चुलता पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधीच भरती झालेला. इंग्रजांचं राज्य वाचवायला किंवा तुर्कांशी वैर म्हणून तो गेला नव्हता. विहिरीला पाणी नव्हतं म्हणून गेला होता.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून गेलेली फौज आजच्या इराकमधल्या बसऱ्याजवळ उतरली, ती मुळात आबादानचं तेल सांभाळायला. सहाव्या पुणे डिव्हिजनची ती फौज. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या आणि चुलता त्यांतल्याच एकीत होता. तेल सांभाळून ही फौज थांबली असती तर कदाचित ही गोष्टच घडली नसती. पण १९१५ च्या उन्हाळ्यात अमारा हाती आलं, सप्टेंबरात कूत हाती आलं आणि वरिष्ठांना बगदाद दिसायला लागलं. सरसेनापती जनरल निक्सनला बगदाद हवं होतं. गॅलिपोलीत नामुष्की पदरी येत असताना लंडनला आणि सिमल्याला एखादा विजय मिरवायला हवा होता. टाउनशेंड प्रत्यक्ष लढणारा सेनापती. फौज थोडी आहे, बोटी कमी आहेत, रसद मागे लांबते आहे, हे त्याला कळत होतं आणि त्यानं ते लिहूनही ठेवलं. पण १८९५ साली चित्रळच्या वेढ्यातून तो नामांकित होऊन बाहेर पडला होता, नेपोलियनच्या मोहिमा त्यानं घोकल्या होत्या. ‘हे होणार नाही’ असं ठामपणे सांगून पद सोडायचं धैर्य त्याला झालं नाही. माझ्या मते पुढच्या साऱ्या अनर्थाचं मूळ तिथं आहे. सेनापतीनं चुकीचा हुकूम काढणं हे वाईटच. पण हुकूम चुकीचा आहे हे कळत असताना तो हजारो माणसांच्या जिवावर पार पाडायला निघणं त्याहून वाईट.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला, तिथल्या प्रचंड जुन्या कमानीच्या सावलीत लढाई झाली. चार हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. जखमींना खडखडणाऱ्या गाड्यांतून, पुढे उघड्या बोटींतून दिवसचे दिवस बसऱ्याकडे नेलं गेलं. जखमांत किडे पडले. उरलेली फौज माघार घेत ३ डिसेंबरला कूतला पोचली. तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं, तीन बाजूंनी पाणी असलेलं ते गाव. चार-पाच दिवसांत तुर्कांनी चौथी बाजू बंद केली.

आमच्या गावचे एक हवालदार त्या वेढ्यातून आणि पुढच्या कैदेतून जिवंत परत आले. मी त्यांना पाहिलं नाही. पण त्यांचे चिरंजीव, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आलेले. सुट्टीत गावी गेलं की मी तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. ते स्वतःच्या लढाईबद्दल फार बोलत नसत, वडिलांच्या वेढ्याबद्दल मात्र भरभरून सांगत. ‘‘आमच्या म्हाताऱ्याला शेवटपातूर पावसाचा वास आवडला न्हाई,’’ असं एकदा म्हणाले. त्या हिवाळ्यात तिथं खंदकांत गुडघाभर चिखल होता आणि त्याच चिखलात सुटकेला आलेली फौज अडकून पडली होती.

त्या सुटकेच्या फौजेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण एक माणूस इतिहास कसा वळवतो ते इथं दिसतं. टाउनशेंडनं वेढ्याच्या सुरुवातीला कळवलं की आपल्याकडे धान्य थोडे आठवडेच पुरेल. ते वाचून जनरल एल्मर घाईनं निघाला. फ्रान्सहून येणाऱ्या तुकड्या जशा उतरतील तशा, तोफा आणि इस्पितळं मागेच ठेवून, त्यानं पुढे ढकलल्या. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात. प्रत्येक ठिकाणी उघड्या सपाट मैदानावरून मशीनगनच्या तोंडी माणसं गेली. मधेच, जानेवारीच्या अखेरीस, टाउनशेंडनं कळवलं की कूतमधल्या घरांची झडती घेतली, भरपूर जव सापडले आणि आता एप्रिलपर्यंत निभेल. ही झडती डिसेंबरातच घेतली असती तर फौजेला तयारी करायला वेळ मिळाला असता. एप्रिलपर्यंत सुटकेच्या फौजेतले सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले. आत अडकलेले होते १३,००० च्या आसपास.

आत घोडे कापायला सुरुवात झाली. इंग्रज शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपाई अडून बसले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीचे निरोप बिनतारी यंत्रावर मागवले गेले, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी घोडा शिवला नाही. इंग्रजी पुस्तकांत याला धार्मिक हट्ट म्हणून मोडीत काढलेलं असतं. तात्या सांगत, ‘‘घोडं म्हंजी खंडोबाचं वाहन. जेजुरीला ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, त्येच्या पाठीचं मास कसं खायाचं?’’ दुसरीही एक भीती होती. गावी गेल्यावर लोक काय म्हणतील? ती खोटी नव्हती. हवालदार परत आले तेव्हा पंचांनी त्यांना पारावर बोलावून विचारलं, तिकडं काय खाल्लं? ते म्हणाले, ‘‘माती.’’ पुढे कुणी विचारलं नाही. जवाच्या मूठभर पिठावर जगताना त्यांच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्या होत्या. स्कर्व्हीनं आत शेकडो हिंदी शिपाई खाटेला खिळले होते.

आजीकडे याच वेढ्यातली एक वेगळी गोष्ट होती आणि तिच्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. ‘‘आभाळातनं जातं टाकलं म्हनं. आता जातं काय कापसाचं हाय व्हय रं?’’ असं म्हणून ती हसायची, घरातल्या साऱ्या बायका हसायच्या. पुढे मी कूतबद्दल वाचायला लागलो तेव्हा ते जातं मला पानावर सापडलं. गावात धान्य होतं, दळायला दगड पुरेसे नव्हते, म्हणून विमानातून खरोखरच जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही टाकली. काही नदीत गेली, काही तुर्कांच्या हाती पडली. वेढ्यातल्या फौजेला विमानानं अन्न पोचवायचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. माणच्या एका स्वयंपाकघरात तो साठ वर्षं तोंडी जपला गेला होता. त्या दिवसापासून म्हाताऱ्यांच्या गोष्टी मी गोष्टी म्हणून ऐकल्या नाहीत, पुरावा म्हणून ऐकल्या.

तुर्कांच्या बाजूचा म्हातारा जर्मन सेनानी फॉन डर गोल्ट्झ १९ एप्रिलला टायफसनं मेला. वेढा पुरा झालेला पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. विजय गेला खलील पाशाच्या नावावर आणि पुढे त्यानं आडनावच ‘कूत’ घेतलं. इंग्रजांनी त्याला आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले. बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्सही होता. खलीलनं नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला कूतनं हात टेकले.

इथून पुढे एकाच फौजेच्या दोन वाटा झाल्या. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं गेलं. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांनी सन्मानानं इंग्रजांकडे परत पाठवला. कैदेत असतानाच त्याला ‘सर’ किताब मिळाला, पुढे तो पार्लमेंटातही गेला. शिपायांना मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर बगदाद, मोसूल, रास अल-ऐन असं शेकडो मैल वाळवंटातून चालवत नेलं. जे पडले ते वाटेवरच राहिले. उरलेल्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. चार हजारांहून जास्त माणसं कैदेत मेली. हवालदार रास अल-ऐनला रूळ टाकत जगले. आजीचा चुलता मोसूलच्या अलीकडे मागे पडला, एवढंच त्यांनी परत आल्यावर सांगितलं.

सरकारी कागदात तो ‘बेपत्ता’ राहिला. त्याच्या बायकोनं, आजी जिला नानी म्हणे, बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. गावात कुजबुज झाली. तेव्हा आजीच्या आजीनं साऱ्या भावकीला सुनावलं होतं, ‘‘भाऊसाहेबाच्या पार्वतीबाईला कुनी इचारलं व्हतं का?’’ पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, तरी पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही, हे त्या निरक्षर बाईला ठाऊक होतं. पेशव्यांच्या सुनेची वाट पाहणं बखरींत गेलं, नाटकांत गेलं. नानीची वाट आजीच्या तोंडून फक्त आमच्यापर्यंत आली.

कूतचा धक्का मात्र हिंदुस्थानापर्यंत फार खोल आला. या मोहिमेच्या चौकशीसाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल जून १९१७ मध्ये छापला गेला आणि हिंदुस्थान सरकारचा सारा गलथानपणा चव्हाट्यावर आला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननं राजीनामा दिला. त्याच्या जागी आला एडविन माँटेग्यू. त्यानं २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली आणि तिच्यातून १९१९ चा कायदा आला. मी असं म्हणणार नाही की कूतच्या भुकेनं आपल्याला मताचा हक्क दिला. टिळक आणि बेझंटबाईंनी होमरूलची चळवळ उभारली नसती तर माँटेग्यूला घोषणेची गरजच भासली नसती. पण कूत पडलं नसतं तर त्या वर्षी त्या खुर्चीत तो नसता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी शिपाई आणि स्वराज्य यांची सांगड घालायला सुरुवात केली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डननं त्यांना अडवलं आणि ते सभा सोडून निघून गेले. या देशात शिपायाच्या रक्ताचा मोबदला शिपायाच्या माणसांसाठी मागणारा पुढारी मला त्या काळात टिळकांइतका स्पष्ट दुसरा दिसत नाही. पुढारी इतिहास घडवतात हे मला मान्य आहे. पण टाउनशेंडनं जे घडवलं ते दुसऱ्यांच्या भुकेवर, आणि टिळक जे मागत होते ते दुसऱ्यांच्या भुकेसाठी. हा फरक शाळेत शिकवला जात नाही.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४०,००० हून जास्त मृतांची नोंद आहे. त्यात इंग्रज शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या पलटणींपुढे मात्र फक्त आकडे आहेत. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते सारं स्मारक उचलून बसऱ्याबाहेर वाळवंटात नेलं. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं हिंदी शिपायांना मिळालेल्या असमान वागणुकीची कबुली २०२१ मध्ये दिली, शंभर वर्षांनी. आपल्याकडेही तेच झालं. साताऱ्यात, कोकणात कित्येक गावांत इंग्रजांनी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढंच त्यांवर लिहिलेलं. अपशिंगे गावचा मृतांचा आकडा ४६ आहे.

पंजाबातल्या शिपायांच्या जुन्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून त्यांतली नावं लोकांना शोधता येऊ लागली. तसं काम आपल्याला गावोगाव करावं लागेल आणि ते घरातूनच सुरू होईल. तुमच्या गावच्या चावडीत, शाळेत किंवा देवळाच्या भिंतीत अशी पाटी असेल तर तिचा फोटो काढा. घरात नव्वदीतलं कुणी असेल तर त्यांना या दिवाळीतच विचारा, बसऱ्याला कोण गेलं होतं, पेन्शन कुणाच्या नावे येत होती, जुनं मेडल कुणाच्या ट्रंकेत आहे. जे नाव मिळेल ते तारखेसकट लिहा आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावून घ्या. आजीच्या चुलत्याचं नाव मी तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत दिलं आहे.