आकड्यांवरची मोहोर

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी.चा प्रबंध द्यायचा, तर संशोधक नांदेडचा असो की लातूरचा, वाङ्मयचौर्याची तपासणी चुकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य माफ. 60 च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. शब्दांची अशी झडती होते. तक्त्यातले आकडे मूळ नोंदींतून खरोखर तसेच निघतात का, हे मात्र या तपासणीत कळत नाही.

त्यावरचा उपाय जुना आहे. पूर्वी प्रयोगशाळेची वही शिवलेली असे, पानांवर अनुक्रमांक असत. पान फाडले की चोरी उघडी. संगणकातल्या फाइलला शिवण कुठली? हा प्रश्न अमेरिकेत बेलकोर कंपनीतल्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी घेतला आणि 1991 मध्ये उत्तर छापले. फाइलवर गणिती क्रिया करून एक छोटी संख्या काढायची, ती हॅश व्हॅल्यू. फाइलमधला एक आकडा बदलला तरी ती पार बदलते. अशा संख्यांची साखळी करून त्यावर तारीख घालायची. 1995 पासून त्यांनी काढलेल्या कंपनीने या साखळीचा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापलेला अंक मागे जाऊन कोण बदलणार?

फाइल बदललेली नाही, एवढेच यातून सिद्ध होते. गणित बरोबर केले का, हे नाही. शिवाय रुग्णांच्या किंवा करदात्यांच्या नोंदी परक्याला दाखवता येत नाहीत. 2015 मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच बंदिस्त कप्पा दिला: माहिती आत उलगडते, आज्ञावली आत चालते, आणि कोणती आज्ञावली चालली याची सही चिप देते. फ्रान्समध्ये ‘कॅसकॅड’ संस्थेने वेगळी वाट धरली. तिचे तपासनीस सुरक्षित केंद्रातल्या गोपनीय माहितीवर संशोधकाची आज्ञावली पुन्हा चालवतात आणि निकाल जुळला तर प्रमाणपत्र देतात. 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ही पद्धत मांडली गेली.

यातली कोणतीही मोहोर मुळातच खोट्या भरलेल्या नोंदी खऱ्या करत नाही. पण मागाहून केलेली फिरवाफिरव तिच्यातून सुटत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. लातूरच्या न्यायालयात मोबाइलमधल्या चित्रफितीला जी अट लागते, ती प्रबंधामागच्या आकड्यांनाही लावावी. त्याला नवे यंत्र लागत नाही. नियमांत एक ओळ पुरे.