इलेक्ट्रिक गिटार सेटअप कसा करायचा? यवतमाळच्या हवेत गिटार सुरात ठेवण्याची संपूर्ण माहिती

ऑनलाइन मागवलेली नवीन इलेक्ट्रिक गिटार सुरुवातीचे काही महिने मस्त वाजते. मग मे महिना येतो, पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि तारा खरखरायला लागतात. खालचे कॉर्ड सुरात, पण वरच्या फ्रेटवर गेलं की बेसूर. अशा वेळी अनेकांना वाटतं की गिटारच खराब निघाली. बहुतेक वेळा तसं नसतं, तिला फक्त सेटअपची गरज असते.

यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा कामासाठी दरवेळी गिटार तिकडे नेणं परवडत नाही. त्यामुळे हे काम घरीच कसं करायचं, फोनची मदत कशी घ्यायची आणि कुठे थांबायचं, ते आज पाहू या.

सेटअप म्हणजे नेमकं काय?

तारांची उंची, नेकचा बाक आणि सुरांची अचूकता हे सगळं एकमेकांशी जुळवून घेणं म्हणजे सेटअप. आपल्याकडे ही कल्पना नवीन नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, तेही याच जातीचं काम. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) फरक एवढाच की तंबोऱ्यात तारेचा तो झणकार मुद्दाम आणतात, तर गिटारमध्ये तो घालवायचा असतो.

हवेमुळे गिटार का बिघडते?

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. ओलाव्यात ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली मानतात. आपल्याकडचा उन्हाळा त्यापेक्षा बराच कोरडा आणि पावसाळा बराच दमट असतो.

- उन्हाळ्यात: नेक बहुतेक वेळा सरळ होते किंवा मागे झुकते. तारा फ्रेटला घासतात. फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात.
- पावसाळ्यात: नेक पुढे वाकते, तारा उंच होतात, दाबायला जोर लागतो.

यात आणखी एक गोष्ट म्हणजे आपला कूलर. पाण्याचा कूलर चालू असताना खोली दमट होते, बंद केला की पुन्हा कोरडी. त्यामुळे गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीतही नको. वाजवून झालं की कव्हरमध्ये ठेवा.

काय काय लागेल?

- गिटारच्या मापाच्या एलन की आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर
- अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची पट्टी
- फीलर गेज (गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, टू-व्हीलर मेकॅनिक टॅपेट सेट करायला हाच वापरतात)
- कॅपो, नवीन तारांचा सेट आणि फोनमध्ये ट्यूनर ॲप

काम सुरू करण्याआधी ब्रिज आणि सॅडलचे जवळून फोटो काढून ठेवा. काही चुकलं तर मूळ जागा फोटोत सापडेल.

क्रम महत्त्वाचा: आधी काय, नंतर काय?

एक गोष्ट बदलली की पुढच्या सगळ्या बदलतात. म्हणून हा क्रम मोडू नका.

१. तारा बदला. गंजलेल्या तारांवर सेटअप करून उपयोग नाही. शक्यतो एकेक तार बदला, कारण सगळ्या एकदम काढल्या तर नेकवरचा ताण जातो. १०-४६ च्या सहा तारा मिळून नेकवर ४० किलोंपेक्षा जास्त ताण देतात. नेहमीच्याच जाडीच्या तारा घ्या. जाडी बदलली तर पुढचं सगळं नव्याने करावं लागेल. नवीन तारा हाताने हलक्या ओढून पुन्हा सुरात लावा, म्हणजे त्या लवकर स्थिर होतात.

२. सुरात लावा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत स्वर असे:

- सहावी, ई: ८२.४ हर्ट्झ
- पाचवी, ए: ११० हर्ट्झ
- चौथी, डी: १४६.८ हर्ट्झ
- तिसरी, जी: १९६ हर्ट्झ
- दुसरी, बी: २४६.९ हर्ट्झ
- पहिली, ई: ३२९.६ हर्ट्झ

अँपशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लहान असतो. म्हणून पंखा-कूलर बंद करा आणि फोनचा माइक गिटारच्या अगदी जवळ ठेवा. ॲपमध्ये ४४० हर्ट्झ सेटिंग आहे ना, तेही बघा.

३. नेकचा बाक तपासा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.२५ मिलिमीटर फट हवी. फट जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट करा. फट नसेलच तर उलट फिरवून सैल करा. एका वेळी पाव फेरीपेक्षाही कमी फिरवा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. नट फिरत नसेल तर जोर लावू नका. रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीएवढाही होऊ शकतो. इथे जाणकार कारागिराकडेच जा.

४. ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. कॅपो काढा. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा आणि फोनचा कॅमेरा झूम करून वाचा. जाड तारेला साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तारेला १.५ मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली मापं आहेत. कमी-जास्त करायला सॅडलचे छोटे स्क्रू फिरवा. काही गिटारमध्ये पूर्ण ब्रिज दोन बाजूंच्या स्क्रूवर वर-खाली होतो.

५. इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी निम्मी होते, म्हणून स्वर दुप्पट हवा. ए तार ११० ची, तर तिथे २२० हर्ट्झ. पण तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. सॅडल पुढे-मागे करून हाच फरक भरून काढतात. बाराव्या फ्रेटवर तार दाबून ट्यूनर बघा:

- स्वर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर न्या.
- स्वर उतरलेला असेल तर सॅडल पुढे, नेककडे आणा.

दरवेळी मोकळी तार पुन्हा सुरात लावूनच तपासा.

६. पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यातलं अंतर मोजा. सिंगल कॉइल पिकअपला २ ते २.४ मिलिमीटर ठीक असतं. फार जवळ आणलं तर चुंबक तारेलाच ओढतो आणि आवाज लवकर विरतो.

खरखर कुठे येते, त्यावरून कारण ओळखा

- पहिल्या पाच फ्रेटमध्ये: नेक जास्त सरळ झाली आहे
- बाराव्या फ्रेटच्या पुढे: ॲक्शन फार कमी
- फक्त मोकळ्या तारेला: नटची खाच खोल गेली आहे
- एकाच जागी: पुढचा फ्रेट उंच आहे

शेवटच्या दोन्ही कामांना खास कानशी लागतात. ती घरी करू नका.

शॉक लागत असेल तर ताबडतोब थांबा

गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरात किंवा गणपतीच्या मंडपात अर्थिंग नीट नसेल तर एक हात तारेवर आणि ओठ माइकला लागताच झिणझिण्या येतात. याला किरकोळ समजू नका, यात जीवही जाऊ शकतो. वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अँपच्या थ्री-पिन प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. अँप आणि साउंड सिस्टिम शक्यतो एकाच बोर्डवरून चालवा. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम.

तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे नॉर्मल आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल तर वायरिंग तपासा. मोबाइल आणि चार्जर पिकअपपासून लांब ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेटअप वर्षातून किती वेळा करायचा? आपल्याकडे दोनदा बाक आणि उंची तपासा: एकदा एप्रिल-मे मध्ये, एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. प्रत्येक वेळी बदल करावाच लागेल असं नाही.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल चालेल का? नाही, ते चिकट होतं. रोझवूडला फ्रेटबोर्डसाठीचं तेल थेंबभर लावा, तेही वर्षातून एक-दोनदा. पॉलिश केलेल्या मेपलला फक्त कोरडं कापड पुरे.

व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना कर्रकर्र का होते? आत धूळ बसलेली असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला काँटॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा.

पहिल्यांदा करताना दोन-तीन तास लागतील, ते लागू द्या. आणि सगळं जुळलं की प्रत्येक माप फोनच्या नोट्समध्ये तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात गिटार खरखरली, तर नेमकं काय बदललंय ते लगेच कळेल.