क्वेरीतल्या ‘लॉग’ची कुळकथा

डेटाबेसच्या क्वेरीत लिहिलं जाणारं ‘लॉग’ हे फंक्शन म्हणजे लॉगॅरिदम या शब्दाचं आखूड रूप. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर आणि ‘अरिथ्मोस’ म्हणजे संख्या या ग्रीक शब्दांतून तो घडवला आणि १६१४ साली आपली कोष्टकं छापली. हेतू एकच, गुणाकाराचं काम बेरजेवर भागवायचं. पुढे लंडनच्या हेन्री ब्रिग्ज यांनी १० हा पाया धरून कोष्टकं नव्याने तयार केली. बारावीच्या रसायनशास्त्राला लागणारं लॉग टेबल याच घराण्यातलं.

संगणक आल्यावर घराणं दुभंगलं. सी भाषेने ‘लॉग’ हे नाव ‘ई’ पायाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला दिलं. १९७४ साली आयबीएममध्ये जन्मलेल्या एसक्यूएल या डेटाबेसच्या क्वेरी-भाषेचा भर याद्यांवर आणि हिशेबांवर होता. तिच्या प्रमाणकात पाया सांगून काढायचा ‘लॉग’ आला तो थेट २०१६ मध्ये. तोवर प्रत्येक डेटाबेसने आपापला अर्थ ठरवून टाकला होता. म्हणून १०० चा लॉग विचारला, तर पोस्टग्रेस २ सांगतो आणि मायएसक्यूएल ४.६०५. ओरॅकलला आधी पाया सांगावाच लागतो, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये पाया नंतर येतो. त्यामुळे कंसात २, ८ लिहिलं की ओरॅकलचं उत्तर ३ आणि एसक्यूएल सर्व्हरचं ०.३३३. चूक दाखवणारा संदेश कुठेच येत नाही. हीच यातली खरी जोखीम. नैसर्गिक लॉगसाठी, जिथे मिळेल तिथे, ‘एलएन’ लिहिणं म्हणूनच शहाणपणाचं.

एसक्यूएलमध्ये रकान्याची बेरीज करणारं ‘सम’ आहे, पण गुणाकार करणारं तसं फंक्शन प्रमाणकात नाही. इथे नेपियरची मूळ युक्ती जशीच्या तशी कामी येते. एखाद्या ठेवीची रक्कम तीन वर्षांत अनुक्रमे १.१०, १.२० आणि ०.९० पट झाली, असं समजा. त्यांचे नैसर्गिक लॉग ०.०९५३, ०.१८२३ आणि उणे ०.१०५४, बेरीज ०.१७२२. तिच्यावर नैसर्गिक लॉग उलटवणारं ‘एक्स्प’ चालवलं की १.१८८ पट हे उत्तर मिळतं. चारशे वर्षांपूर्वीची युक्ती एका ओळीच्या क्वेरीत इतकी चपखल बसावी, हे खरोखर सुंदर आहे.

शून्याला मात्र लॉग नसतो. रकान्यात शून्य आलं की पोस्टग्रेस तिथेच थांबून चूक दाखवतो. मायएसक्यूएल त्या जागी ‘नल’ देतो आणि ‘सम’ नलला वगळून पुढे जातं. मग १.१०, ० आणि १.२० यांचा गुणाकार शून्याऐवजी १.३२ येतो. अशा क्वेरीत शून्याची तपासणी ‘केस’ लावून आधीच करून घ्यावी लागते.