बेवारसांना मूठमाती

डॉक्टर किती मोठा, हे आपण त्याने किती रोगी बरे केले यावरून ठरवतो. आज ज्या डॉक्टरविषयी मी बोलणार आहे, त्याचे मोठेपण त्याच्याकडे बरे न झालेल्या माणसांच्या कबरींपाशी कळते.

जे. सी. हॉथॉर्न यांचा जन्म १८१९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरची माणसे तिकडे धावली. १८५० मध्ये हॉथॉर्नही तिकडे पोचले. खाणींच्या त्या मुलखात त्यांनी डॉक्टरकी केली, पुढे राजकारणात पडले आणि राज्याच्या सेनेटवर निवडून आले. १८५७ मध्ये ते उत्तरेला, ऑरेगनमधील पोर्टलंडला आले.

ऑरेगनला राज्याचा दर्जा मिळाला तो १८५९ मध्ये. अशा नव्या वसाहतीत वेड लागलेल्या माणसाने जायचे कुठे? सोन्याच्या किंवा जमिनीच्या ओढीने आलेल्या एकट्या माणसाला ना घर, ना गोतावळा. डोके फिरले की त्याच्या वाट्याला कोठडीच यायची. हॉथॉर्न आणि त्यांचे सहकारी डॉ. लोरिया यांनी पोर्टलंडला इस्पितळ काढले आणि १८६२ मध्ये सरकारशी करार केला. रुग्ण राज्याचे, इस्पितळ यांचे आणि दर रुग्णामागे ठरावीक रक्कम सरकारी तिजोरीतून, असा तो व्यवहार होता. कायदेमंडळ आतून पाहिलेल्या माणसाला हा मार्ग सुचला, यात नवल नाही.

वेडा हाही माणूस आहे, त्याला साखळीपेक्षा स्वच्छ खोली, पोटभर अन्न, मोकळी हवा, हाताला काम आणि गोड शब्द हवा, हा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स-इंग्लंडमध्ये रुजला होता. हॉथॉर्न यांनी तो सरहद्दीवरच्या या गावात आणला. मनोरुग्णांसाठी आयुष्य वेचणाऱ्या डोरोथिया डिक्स १८६९ मध्ये इथे आल्या आणि त्यांनी या इस्पितळाची वाखाणणी केली.

टीकाही झालीच. जनतेच्या पैशावर खासगी इस्पितळ चालते, खर्च फार होतो, असे बोलले गेले. तो प्रश्न गैर नव्हता. पण हिशेबाच्या वहीत न येणारी एक गोष्ट हॉथॉर्न करीत होते. इस्पितळात मेलेल्या ज्या रुग्णांचे शव न्यायला कुणी येत नसे, त्यांना ते स्वतःच्या खर्चाने लोन फर कबरस्तानात दफन करीत. अशा १३२ जणांची नोंद सांगितली जाते. १८८१ मध्ये हॉथॉर्न वारले. त्यांनाही त्याच कबरस्तानात माती मिळाली.

१८८३ मध्ये सेलम गावी सरकारचे स्वतःचे इस्पितळ उघडले आणि रुग्ण तिकडे हलवले गेले. पोर्टलंडमधल्या ‘असायलम’ नावाच्या रस्त्याला हॉथॉर्न यांचे नाव मिळाले.

गोष्ट इथे संपत नाही. ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’ हा १९७५ चा चित्रपट सेलमच्या याच इस्पितळात चित्रित झाला. तिथल्याच एका खोलीत तांब्याचे सुमारे साडेतीन हजार डबे फळ्यांवर पडून असल्याचे २००४ मध्ये उजेडात आले. त्यांत होती रुग्णांची, कुणी न नेलेली राख. एका वृत्तपत्राने तो विषय लावून धरला आणि २०१४ मध्ये तिथे स्मारक झाले. नावांचा शोध घेऊन कित्येकांची राख नातलगांच्या हाती देण्यात आली.

सरकारी इस्पितळ हवेच. एका भल्या माणसाच्या मर्जीवर हजारोंचे आयुष्य सोपवता येत नाही. पण सरकारी व्यवस्थेत डब्याला क्रमांक मिळतो आणि माणसाचे नाव मागे पडते. आपल्याकडे ‘मूठमाती देणे’ म्हणजे कायमचे विसरून जाणे, असाही अर्थ झाला आहे. हॉथॉर्न यांनी मात्र ती दिली, ती बेवारस माणूसही कुणाचा तरी आहे, हे विसरले जाऊ नये म्हणून.