काडेपेटीचा कारखाना ते औषधाची बाटली: जबड्याच्या एका आजाराचा इतिहास

१/७
इ.स. १८४५. व्हिएन्नातील वैद्य लोरिन्झर यांनी काडेपेटी कामगारांचा एक भीषण आजार नोंदवला. दात दुखे, हिरडी सुजे, पू वाहे आणि अखेरीस जबड्याचे हाड कुजून उघडे पडे. कारण होते काडीच्या गुलातील पांढऱ्या फॉस्फरसची वाफ.

२/७
जुलै १८८८. लंडनच्या ‘ब्रायंट अँड मे’ कारखान्यातील सुमारे १,४०० स्त्रिया व मुलींनी संप केला. जेवणासाठी वेगळी खोली मिळावी, म्हणजे घासाबरोबर विष पोटात जाणार नाही, हीही त्यांची मागणी होती. त्यांची कैफियत मांडणाऱ्या ॲनी बेझंट म्हणजे पुढे भारतात होमरूल चळवळ उभारणाऱ्या त्याच बेझंटबाई.

३/७
संप यशस्वी झाला, पण फॉस्फरस गेला नाही. याच कंपनीने जबड्याच्या आजाराचे १७ रुग्ण सरकारपासून दडवल्याचे पुढे उघड झाले. १८९८ मध्ये तिला दंड झाला अवघा सुमारे २५ पौंड.

४/७
१९०६ च्या बर्न करारानंतर देशोदेशी बंदी आली. ब्रिटनमध्ये ती १९१० पासून लागू झाली. भारतात १९१३ मध्ये कायदा झाला. आजार इतिहासजमा झाला, असे वाटू लागले.

५/७
२००३. अमेरिकेतील मायामीचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. जबड्याचे हाड तसेच उघडे पडलेले. पण यांपैकी कोणी काडेपेट्या बनवत नव्हते. बहुतेकांना कर्करोगात हाडे जपण्यासाठी पॅमिड्रोनेट वा झोलेड्रोनेट दिले होते. ही ‘बिसफॉस्फोनेट’ औषधे. त्यांच्याही रेणूत फॉस्फरस!

६/७
हाड सतत झिजते आणि नव्याने घडते. ही औषधे झीज करणाऱ्या पेशींना आवरतात, त्यामुळे हाड टिकते. पण दात काढल्यावर होणारी जखम भरणेही खोळंबते. पुढे फॉस्फरस नसलेल्या डेनोसुमॅबनेही हाच विकार होतो, असे दिसले. म्हणून २०१४ मध्ये अमेरिकी शल्यविशारदांच्या संघटनेने या विकाराला ‘औषधजन्य’ असे व्यापक नाव दिले.

७/७
ही औषधे असंख्य रुग्णांची हाडे मोडण्यापासून वाचवतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेल्या मात्रेत हा धोका अल्प असतो, कर्करोगाच्या मोठ्या मात्रेत अधिक. उपचारापूर्वी दातांची तपासणी केल्यास तो घटतो. हे आज ठाऊक आहे, कारण २००३ मध्ये रुग्णांची नोंद जगापुढे ठेवली गेली. १८९८ मधील कामगार स्त्रियांच्या वाट्याला मात्र दडवलेली नोंद आली होती.