खेळाडू स्त्रीचा ऋतुधर्म आणि तिचें ताट

शास्त्रानें खोटी ठरविलेली समजूत समाजाच्या मनांतून लवकर जात नाहीं. धावण्याच्या श्रमानें स्त्रीचें शरीर बिघडतें, ही अशीच एक समजूत. १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राड्के हिनें जागतिक उच्चांक केला. परंतु वर्तमानपत्रांनीं तिखटमीठ लावून वर्णन केलें, तें शर्यतीअंतीं दमून भुईवर टेकलेल्या स्पर्धकांचें. स्त्रियांची ती शर्यत जी बंद झाली, ती १९६० सालीं रोम येथें पुन्हां सुरू झाली.

पुढें स्त्रिया लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरल्या, तेव्हां त्यांपैकीं कित्येकींची मासिक पाळी महिनोन्‌महिने थांबते, असें आढळलें. शरीरांत ठराविक प्रमाणांत मेद असल्यावांचून ऋतुचक्र चालत नाहीं, असें मत १९७४ सालीं रोझ फ्रिश व जॅनेट मॅकआर्थर यांनीं मांडलें. १९८४ सालीं बार्बरा ड्रिंकवॉटर यांनीं दाखविलें, कीं पाळी थांबलेल्या तरुण खेळाडूंच्या कण्याचीं हाडें इतर खेळाडूंपेक्षां विरळ असतात. एक कटकट गेली, म्हणून स्वस्थ बसण्याची ही गोष्ट नव्हती.

मग दोष श्रमाचा, कीं मेदाचा? अ‍ॅन लाउक्स यांच्या १९९८ सालच्या प्रयोगानें निराळेंच उत्तर दिलें. व्यायामाचा खर्च आहारानें भरून काढला, तेव्हां ऋतुचक्राला चालना देणाऱ्या संप्रेरकाचीं स्पंदनें टिकलीं. आहार तुटपुंजा ठेवला, तेव्हां तीं मंदावलीं. २००३ सालीं मर्यादाहि कळली. व्यायामाचा खर्च वजा जातां, मेदरहित वजनाच्या दर किलोमागें दिवसाला ३० किलोकॅलरींहून कमी शक्ति उरली, तर अवघ्या पांच दिवसांत हा फरक दिसूं लागतो.

आवक तोकडी झाली, कीं काटकसरी गृहिणी पुढें ढकलतां येण्याजोगे खर्च आधीं थांबविते. शरीरहि तेंच करितें : चयापचय मंदावतें, पाळी थांबते, हाडांची भर कमी होते. हीच उणीव पुरुष खेळाडूंनाहि बाधते, हें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं २०१४ सालीं मांडलें.

तेव्हां धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने चुकली, तर वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. पण तिचें मैदान सोडविण्यापूर्वीं तिच्या ताटांत काय व किती पडतें, हें घरच्यांनीं पाहावें. १९२८ सालीं मैदानाला दोष देणाऱ्यांनीं ताटाकडे पाहिलेंच नव्हतें.